आत गेलेल्यांची पाटी

वहिनींना लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही. तरी आम्हा लिफ्टवाल्यांचा सगळ्यांचा जीव कितीतरी वर्षं त्यांच्या शिलाई मशीनवर, रिळांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये होता. आमच्यातल्या निम्म्यांना हे ठाऊकच नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याचा विनोद करून टाकला. मला अजून राग येतो. सांगताना आवाज चढला तर चढू दे.

लिफ्ट दुरुस्त करायची म्हणजे लोकांना वाटतं, आत उभं राहून बटणं दाबायची. अहो, आम्ही असतो केबिनच्या छपरावर, वंगणानं बरबटलेल्या दोरांच्या मधे. नाहीतर शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीच्या, तळाच्या खड्ड्यात, जिथे वरून पडलेल्या किल्ल्या, चॉकलेटचे कागद आणि मेलेले उंदीर सापडतात. नियमानं दोघांनी जायचं. पण दुसरा माणूस म्हणजे दुसरा पगार, म्हणून कंत्राटदार एकालाच पाठवतो आणि वर म्हणतो, "जपून हं!" आत मोबाइलला रेंज नसते. माणूस बाहेर येईल तेव्हा आला म्हणायचं.

म्हणून ती पाटी. आमच्यातलाच एकजण, पाठीच्या दुखण्यानं लिफ्ट सोडून कॉम्प्युटरकडे वळला. त्याला आम्ही चष्मा म्हणतो. त्यानं आम्हा लोकांसाठी वेबसाइट काढली. जळक्या सर्किटचे फोटो टाका, दरवाजा का अडकतोय ते विचारा, कंत्राटदारांचा मनसोक्त उद्धार करा. आणि सगळ्यात वर पाटी. शाफ्टमध्ये शिरण्याआधी 'आत' दाबायचं, इमारतीचा पत्ता टाकायचा. निघालं की 'बाहेर' दाबायचं. आत असलेल्याचं नाव लाल, बाकीची काळी. एवढंच. कुणाच्याही बापाला कळेल अशी पाटी.

दाबायचे सगळेच, सवयीनं. बघायचं मात्र कुणी नाही, कारण जो तो कुठल्या ना कुठल्या भोकात अडकलेला. बघायच्या त्या वहिनी.

वहिनी म्हणजे लांबूची बायको. लांबू हे आम्ही ठेवलेलं नाव. शाफ्टचं एक दार असं नसेल ज्याला त्याचं कपाळ आपटलं नाही. त्यांच्या खालच्याच मजल्यावर मी राहतो, त्यामुळे दिवसभर वरून मशीनची घरघर ऐकू यायची. हॉस्पिटलांसाठी, लॉजसाठी उशांचे अभ्रे शिवायच्या. एका हातानं कापड सरकवायचं आणि डोळा फोनवर. आधी फक्त नवऱ्याचं नाव बघायच्या. मग म्हणाल्या, एकाचं बघायचं आणि बाकीच्यांचं नाही, हे मला जमत नाही. तासभर कुणाचं नाव लाल राहिलं की त्यांचा फोन. लागला नाही की जवळपासच्या दुसऱ्याला फोन, "भाऊजी, जरा डोकावून या ना तिकडे. उगीच आपलं मनाला लागून राहतं." बहुतेक वेळा माणूस बाहेर येऊन चहा पीत बसलेला असायचा, बटण दाबायचं राहिलेलं. मग त्याची खरडपट्टी. "चहाला जाताना दहा जणांना सांगून जाता, आणि जिवंत बाहेर आलात ते सांगायला बोट दुखतं का?"

मी एकदा केबिनच्या छपरावर अडकलो होतो. दोन मजल्यांच्या मधे केबिन बसली, वरच्या दाराचं कुलूप आतून उघडेना, विजेरीही गेली. इमारत नवी, राहायला कुणी आलेलं नाही. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी अंधारात, माझ्या आयुष्यात मी काय काय केलं नाही त्याचा हिशोब मांडत बसलो होतो, तेवढ्यात वरचं दार करकरलं आणि एक ओळखीचा आवाज आला, "वहिनींनी पाठवलंय. आहेस का?" आहेस का! मी रडलो हो. लाज कसली त्यात. घरी आल्यावर वर जाऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, तर म्हणाल्या, "पाय राहू द्या, ते बूट आधी दाराबाहेर काढा. अभ्रे पांढरे आहेत."

अशी बाई. कौतुक केलं की चिडायची.

तर वेबसाइटचा वाढदिवस जवळ आला आणि चष्म्याला हुक्की आली. त्यानं लिहिलं, की पाटी फार रुक्ष दिसते, लाल लाल नावं बघून ब्लडप्रेशर वाढतं, काहीतरी गमतीचं करू या. कल्पना विचारल्या. आणि लांबूनं चित्र टाकलं.

लांबूचा हात छान होता. शाफ्टच्या भिंतीवर पेन्सिलीनं बारकी माणसं काढून ठेवायचा. कितीतरी इमारतींत असतील, कुणाला दिसणारही नाहीत. त्यानं काढलं होतं ते असं, की प्रत्येकाच्या नावापुढे एक चिमुकली लिफ्ट. 'आत' दाबलं की टोपीवाला माणूस लिफ्टमध्ये शिरतो, दार लागतं. 'बाहेर' दाबलं की दार उघडून हात हलवतो. आणि तासभर काहीच दाबलं नाही, तर माणूस दाराला टेकून डुलक्या घेतो, नाकातून बुडबुडा येतो. लाल रंग रद्द.

लोक खूष झाले म्हणजे काय, विचारू नका. जन्मात कधी चार ओळी न लिहिणारे लिहायला लागले. टोपी पिवळी की निळी यावर आठवडाभर जुंपली. आमच्यातले सगळ्यात वयस्क, आजोबा म्हणतो आम्ही त्यांना, त्यांनी लिहिलं की त्यांच्या माणसाला मिशा हव्यात, आणि त्या साध्या नकोत, झुपकेदार हव्यात. कुणी म्हणालं, घोरण्याचा आवाज टाका. कुणी म्हणालं, कंत्राटदाराचं चित्र काढून त्याला लिफ्टखाली ठेवा. मी विरोध केला. मी लिहिलं, असल्या नाचऱ्या चित्रांनी पान उघडायला वेळ लागेल, माझा फोन जुना आहे. आता लोक मला म्हणतात, तू एकटा बरोबर होतास. कसला बरोबर! मी फक्त कुरकुर करत होतो, जशी मी सगळ्यालाच करतो. खरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

तो वहिनींच्या डोक्यात आला. लांबूनं कौतुकानं चित्र दाखवलं तेव्हा मी तिथेच होतो, पँट आखूड करून घ्यायला गेलो होतो. वहिनींनी मशीन थांबवलं, डोळ्यांवरचा चष्मा पुसला, चित्र नीट पाहिलं. हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "अहो, पण झोपलेला कोण आणि अडकलेला कोण, ते मला कसं कळायचं?"

"अगं, गंमत आहे ती."

"गंमत छानच आहे. पण लाल बरं होतं. लाल दिसलं की हात आपोआप फोनकडे जातो. ह्याला बघून मलाच झोप येईल."

लांबू साधा माणूस. त्यानं इमानदारीत तो प्रश्न वेबसाइटवर टाकला. फक्त सुरुवातीला लिहिलं, "आमच्या घरून विचारणा आहे." झालं! सगळे तुटून पडले. घरून परवानगी नाही वाटतं. आता पाटीची रचना स्वयंपाकघरात ठरणार का? लांबू, टोपीऐवजी तुझा माणूस कान धरून उभा दाखव. हसून हसून मुरकुंडी. प्रश्नाचं उत्तर कुणीही दिलं नाही. मतदान झालं आणि गंमत दणदणीत बहुमतानं पास झाली. वहिनींना मत नव्हतंच, त्या सभासद कुठे होत्या?

नवी पाटी आली, आणि पुढे जे झालं ते आमच्या लोकांनाच सुचू जाणे. आपला माणूस झोपलेला बघायची सगळ्यांना भारी हौस. काम संपवून बाहेर आले तरी मुद्दाम 'बाहेर' दाबायचे नाहीत. माणूस डुलक्या घेतोय, बुडबुडा फुगतोय, खाली दोस्तांचे शेरे. ज्याचा माणूस जास्त वेळ झोपेल त्याला आठवड्याचा कुंभकर्ण म्हणून नावापुढे छोटीशी उशी. उशी! मोठमोठाले बाप्ये, घरी पोरंबाळं असलेले, त्या उशीसाठी घरी जाऊन जेवेपर्यंत पाटीवर 'आत' राहायला लागले.

वहिनी फोन करत राहिल्या. त्यांना दुसरं येत नव्हतं. पहिल्या दिवशी ज्याला फोन केला तो न्हाव्याकडे दाढी करून घेत होता. दुसरा सासुरवाडीला. तिसरा खेकसला, "वहिनी, तुमच्यामुळे माझी उशी गेली!" मग चष्म्याकडे तक्रारी गेल्या. चष्म्यानं सगळ्यात वर, ठळक अक्षरांत सूचना लावली, की सभासदांच्या घरच्या मंडळींनी पाटी बघून इतर सभासदांना फोन करू नयेत, कामात व्यत्यय येतो. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

त्या संध्याकाळी वरून आवाज आले. त्या घरात मी आधी कधी चढा आवाज ऐकला नव्हता. लांबू म्हणत होता, "लोक तोंडावर हसतात गं मला. पहारेकरीण म्हणतात तुला. बास कर आता, हात जोडतो." थोड्या वेळानं मशीन सुरू झालं, पण रोजच्यासारखं सलग नाही, थांबत थांबत.

त्यांनी फोन करणं सोडलं. बघणं मात्र सोडलं नाही, ते कसं सुटणार?

त्या दिवशी सुट्टी होती. लांबूला एका ऑफिसच्या इमारतीत काम दिलं होतं, माणसांची वर्दळ नसताना उरकायचं म्हणून. निघताना जिन्यात भेटला. म्हणाला, "ह्या आठवड्याची उशी आपली. बघच तू." आणि नेहमीप्रमाणे जिन्याच्या तुळईला कपाळ आपटून गेला.

सकाळी त्यानं 'आत' दाबलं. तासाभरानं त्याचा माणूस झोपला. दुपार झाली तरी झोपलेलाच. खाली शेरे सुरू झाले. "लांबू जोरात!" "कुणी उठवू नका रे, दमलाय बिचारा." "लांब माणसाची झोपही लांब." आजोबांनी पांघरुणाचं चित्र टाकलं. हे सगळं वहिनी वरच्या खोलीत, अभ्र्यांच्या ढिगाशेजारी बसून वाचत होत्या. त्यांनी एकदा लांबूला फोन लावला. लागला नाही. आत असला की लागत नाहीच. उशी मिळवणार म्हणून तो सकाळी घरीही सांगून गेला होता. दुसऱ्या कुणाला फोन करावा, तर नवऱ्यानं हात जोडलेले. पुन्हा लोक हसतील, पुन्हा तो मान खाली घालून घरी येईल. त्या अभ्रे शिवत बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "त्या दिवसाचे सगळे उसवावे लागले. एकाचीही शिवण सरळ आली नव्हती."

ऊन कलल्यावर त्या खाली माझ्या दारात आल्या. हातात फोन. चप्पलही घातली नव्हती. म्हणाल्या, "भाऊजी, हसू नका. पण एकदा जाऊन बघू या का?"

मी हसलो नाही. किल्ल्या आणि विजेरी उचलली.

इमारतीच्या पहारेकऱ्याला वाटलं होतं की लिफ्टवाला केव्हाच मागच्या दारानं गेला. तळमजल्यावरचं लिफ्टचं दार मी किल्लीनं उघडलं आणि विजेरी खाली मारली. वहिनींना म्हटलं, तुम्ही मागे व्हा. त्या झाल्या नाहीत.

खड्ड्यात उतरायच्या शिडीची वरची पायरी निखळली होती. लांबू तळाशी भिंतीला पाठ लावून बसला होता. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं. त्यानं आपला कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला होता, नीट, दोन वेढे देऊन, आमच्या कामात दोर आवळतात तसा. हातातला पाना भिंतीवर आपटून आपटून तिथला गिलावा पार फुटला होता. टोपी दुसऱ्या मांडीवर ठेवली होती. अंग थंड पडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण होता. बोलायची पद्धत अजून शिकला नसावा. वहिनींनी विचारलं, "लगेच गेले का हो?" मी मागून त्याला खुणा करत होतो, अरे बाबा, हो म्हण. तो म्हणाला, "नाही. पट्टा चांगला बांधला होता त्यांनी. बराच वेळ होते. दुपारपर्यंत नक्की." वहिनींनी मान डोलावली. जणू एखाद्या गिऱ्हाइकानं माप सांगितलं.

मी रोज ह्याच गोष्टीपाशी येऊन अडकतो. पट्टा बांधून तो निवांत बसला असेल. त्याला खात्री होती. तासाभरात बायको पाटी बघेल, कुणाला तरी पाठवेल, मग आपल्याला दोन शिव्या घालेल. तिला आपण फोन करू नको म्हटलंय, हे त्याला त्या खड्ड्यात कधी आठवलं असेल? आणि ती बघत होतीच हो. पूर्ण वेळ त्यालाच बघत होती.

त्याच रात्री चष्म्यानं पाटी पहिल्यासारखी केली. लाल आणि काळी. उशा गेल्या, टोप्या गेल्या. शेरे पुसले, पण वहिनींना ते पाठ होते. दहन झालं, लोक आले, रडले, पाया पडले. चष्मा तर कोपऱ्यात नुसता उभा होता, त्याला कुणी बस म्हणायलाही तयार नव्हतं.

आणि मग आमच्या लोकांनी पुन्हा चर्चा काढली. लांबूची आठवण म्हणून त्याची चिमुकली लिफ्ट पाटीच्या वर कायमची ठेवायची. दार उघडं, माणूस हात हलवतोय. पुन्हा तेच. टोपी कुठल्या रंगाची, खाली काय लिहायचं, फूल ठेवायचं की दिवा. दोन गट पडले. वाचून माझं डोकं सणकलं. मी लिहिलं, लेको, माणूस मेलाय, सजावट कसली करताय? तर म्हणाले, तूच वहिनींना विचारून ये, त्या म्हणतील तसं करू.

गेलो. मशीन झाकलेलं होतं. फोनवर त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. छोटा माणूस दार उघडत होता, हात हलवत होता, पुन्हा दार उघडत होता.

"हे बंद करा," त्या म्हणाल्या. "ते बाहेर आले नाहीत. आलेले दाखवू नका."

मी म्हटलं, बरोबर आहे, सांगतो सगळ्यांना. मग उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पाटी आता पहिल्यासारखी केलीय वहिनी. लाल. तुम्हाला हवी होती तशी. आता कुणी एक शब्द बोलणार नाही तुम्हाला. तुम्ही खुशाल फोन करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"मी कशाला फोन करू?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांगितलंत, बघ पण बोलू नकोस. मी बोलले नाही. माझा नवरा तिथे पाना आपटत होता आणि मी इथे तुमचे विनोद वाचत होते. कळतंय का भाऊजी? मी त्यातल्या एकाला हसलेसुद्धा होते. आता माझ्याच्यानं तुमची नावं बघवत नाहीत. कुणाचंच लाल झालेलं बघवत नाही. तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी माझ्यासमोर फोनमधून ते पान काढून टाकलं. नीट जमलं की नाही ते मला विचारलं. जमलं होतं.

आता त्या एका शाळेत शिवणकाम शिकवायला जातात. जिन्यात भेटल्या की विचारपूस करतात, माझ्या बायकोच्या गुडघ्याला तेल सुचवतात. लिफ्टचं नाव कुणी काढत नाही. वेबसाइटवर ठरलं होतं की आता आळीपाळीनं सगळ्यांनी पाटी बघायची. पहिला आठवडा बघितली. मग ज्याची पाळी तोच शाफ्टमध्ये, असं व्हायला लागलं. शेवटी पाळ्यांचं कुणी विचारेनासं झालं. दाबायचे मात्र सगळे अजूनही दाबतात, न चुकता.

परवा मी एका जुन्या इमारतीत गेलो होतो. दारात उभं राहून 'आत' दाबलं, पत्ता टाकला, नाव लाल झालं. काम किचकट निघालं. ब्रेकच्या पट्ट्या बदलायच्या, त्यातली एक चुकीची आलेली, ती घासून बसवण्यात सकाळ गेली, दुपारही गेली. एकदा केबिनच्या छपरावर पाय सटकला, दोराला धरून सावरलो. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर दिवे लागत होते. फोनला रेंज आली. कंत्राटदाराचा उद्याच्या कामाचा निरोप होता. पाटीवर माझं नाव सकाळपासून लाल होतं, आणि फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता.